पानगळीचा इतिहास आणि खराट्याचा हिशेब

व्याख्यानमालेतील प्रत्येक व्याख्यानास 'पुष्प' म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आमच्या आधीच्या विद्वान वक्त्यांनी आपापली पुष्पे गुंफली. आमच्यापाशी पुष्प नाही. पान आहे, आणि तेही गळून पडलेले. कामगार चळवळीतल्या माणसास इतिहासावर बोलावयास बोलावले, तेव्हा संयोजकांच्या मनात संपाचा, गिरणीचा, किंवा फार तर कापसाच्या भावाचा इतिहास असावा. परंतु गेल्या फाल्गुनात कौंडण्यपूरला आमची जी फजिती झाली, ती अजून डोक्यातून गेलेली नाही. म्हणून विषय तोच घेतला आहे.

झाले असे, की आम्ही युनियनची आठ माणसे एका दिवसाच्या शिबिरासाठी कौंडण्यपूरला गेलो होतो. वर्धा नदीच्या काठचे हे गाव आपल्या अमरावतीपासून काही फार दूर नाही. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत. शिबिराची सुरुवात श्रमदानाने करावी असे ठरले, आणि देवळाकडच्या पायऱ्या व भोवतीचे अंगण झाडावयास आम्ही घेतले. खराटे पाच मिळाले आणि माणसे आठ होती. तेव्हा उरलेल्या तिघांनी देखरेख पत्करली. देखरेख करणारे नेहमी पुरेसे असावेत, हे आम्ही अनेक कचेऱ्यांतून पाहून शिकलो आहोत.

पहिल्या अर्ध्या तासात काम झपाट्याने झाले. पिंपळाचा, कडुनिंबाचा पाचोळा लोटून आम्ही चार ढीग केले, आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे कौतुकाने पाहत उभे राहिलो. तेवढ्यात नदीच्या अंगाने एक झुळूक आली. ती काही वावटळ नव्हती. एरवी तिला आम्ही सुखाची झुळूक म्हटले असते. चारांपैकी दोन ढीग उठले, अंगणभर फिरले आणि जेथून आले होते तेथे, जणू आपापली जागा ओळखून, जाऊन बसले. मग आमच्यात मतभेद सुरू झाले. एकाचे म्हणणे, वाऱ्याच्या दिशेनेच लोटले पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे, आधी पाणी शिंपडावे. पाणी शिंपडल्यावर पाने दगडाला अशी चिकटली की ती नखाने काढावी लागली. तिसरा उत्साही कार्यकर्ता पिंपळावर चढला. काय गळायचे ते एकदाच गळू द्या, म्हणून त्याने फांद्या गदागदा हलवल्या. एक पान पडले नाही. तो खाली उतरून चपला शोधू लागला, तेव्हा तीसचाळीस पाने अगदी सावकाश, त्याच्याच डोक्यावरून, खाली आली.

पायरीवर एक म्हातारी बसली होती. तिने हा सारा तमाशा पाहिला आणि शेवटी न राहवून म्हणाली, "बावा, झाडून थांबाचं नाई. एकानं झाडाचं, दुसऱ्यानं लगेच उचलाचं."

आम्ही तीस वर्षे कामगारांत वावरलो. कामाचे मोजमाप, माणसांची नेमणूक, पाळ्या यांवर व्यवस्थापनाशी भांडत आलो. पण झाडणे हे एका माणसाचे काम नाही, दोघांचे आहे, हे त्या म्हातारीने सांगेपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते. आजच्या बोलण्याचा सारा गाभा तिच्या त्या वाक्यात आहे. बाकी आम्ही जे सांगणार आहोत, ते त्या वाक्याचा मागचा-पुढचा इतिहास.

प्रथम ऋतूचा एक घोळ निस्तरला पाहिजे. इंग्रजी क्रमिक पुस्तकांतून आपण 'ऑटम' शिकलो आणि त्याला शरद म्हणावयास लागलो. विलायतेत त्या ऋतूत पाने पिवळी-तांबडी होऊन गळतात, लोक लांब दांड्याची दाताळी घेऊन अंगणात उतरतात, आणि त्यांच्याकडील विनोदी लेखकांना त्यावर दरवर्षी एक लेख लिहिता येतो. आमच्या वऱ्हाडात आश्विन-कार्तिकात कोणते पान गळते? त्या वेळी पऱ्हाटीला बोंडे फुटलेली असतात, तूर फुलोऱ्यावर येते, धुऱ्यावरचे गवत कमरेएवढे असते. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तली शरद निरभ्र आकाशाची, कमळांची आणि पिकलेल्या साळीची आहे. तीत पाचोळा नाही. आपली पानगळ शिशिरातली. साग आधी उघडा पडतो. मग पळस आपली पाने टाकून नुसत्या केशरी फुलांवर उभा राहतो. आणि माघ-फाल्गुनात कडुनिंब व पिंपळ यांची पाळी येते. पाडव्याला आपण ज्या निंबाचा कोवळा पाला तोंडात टाकून तोंड वाकडे करतो, त्याचीच जुनी पाने पंधरा दिवसांपूर्वी आपल्या ओट्यावर पडलेली असतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगाव वसंतात व्याख्याने होतात. वक्ते नव्या पालवीच्या उपमा देतात. पण मांडव घालण्याआधी ते मैदान कोणाला तरी झाडावे लागते, आणि त्या पानांचे नाव आभारप्रदर्शनात येत नाही.

विलायती झाड थंडीच्या भयाने पाने टाकते, आपले झाड तहानेच्या. जमिनीतला ओलावा आटत चालला की पानांतून उडून जाणारे पाणी झाडाला परवडत नाही. म्हणून देठाशी एक पातळ थर तयार होतो आणि तेथून पान सुटते. पण झाड मोठे धोरणी मालक आहे. पानाला कामावरून कमी करण्यापूर्वी त्याच्यापाशी असलेल्या नत्राचा बराच भाग ते आपल्या खोडात परत ओढून घेते. पिवळे पडलेले पान म्हणजे हिशेब पुरा झालेला कामगार. तरी त्याच्यापाशी काही उरते, ते पुढे सांगू.

आता इतिहास. कौंडण्यपूरला टेकाडे आहेत. पांढरी माती, खापरांचे तुकडे, मधूनच एखादी जुनी वीट. १९६० नंतरच्या काही वर्षांत डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६८ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केला. पुराणांतले विदर्भाचे राजधानीचे नगर ते हेच, असे लोक मानतात. जमिनीखाली सातवाहनकाळाची वस्ती आणि त्याहीपूर्वीची वस्ती सापडली, हे तर कुदळीनेच सांगितले. आम्ही पुरातत्त्वाचे पंडित नव्हे; पण एक गोष्ट आम्हांला तेथे उभे राहून सुचली. असले टेकाड बनते कशाने? पडलेल्या भिंतींच्या मातीने, राखेने, फुटक्या मडक्यांनी, आणि घराबाहेर लोटलेल्या केराने. म्हणजे जुन्या नगराचा जो इतिहास आपल्याला मिळतो, त्याचा मोठा भाग उकिरड्यातून मिळतो. जो केर कोणी उचलून दूर नेला नाही, तो इतिहास झाला. आणि ज्या बाईने आपले अंगण दररोज नीट झाडून केर वावरात नेऊन टाकला, तिची काही निशाणी उरली नाही. तिचे काम जितके चोख, तितकी ती इतिहासातून नाहीशी. बांधणाऱ्याची भिंत उरते, लिहिणाऱ्याचा ताम्रपट उरतो, लढणाऱ्याची गढी उरते. झाडणाऱ्याचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जसेच्या तसे समोर उभे असते.

एका झाडणारीचे नाव मात्र आपल्याकडे सातशे वर्षे टिकले आहे, ते जनाबाईचे. नामदेवांच्या घरची ती दासी. दळण, कांडण, शेण्या वेचणे, धुणे आणि झाडलोट ही तिची कामे, आणि ती सारी तिच्या अभंगांत येऊन बसली आहेत. जनी झाडते आणि देव स्वतः केर भरून नेतो, ही कल्पना मराठी माणसाला तोंडपाठ आहे. कीर्तनकार तेथे भक्तीचा महिमा सांगतात, आणि तो आहेच. आम्ही मात्र कौंडण्यपूरहून परत येताना त्याच कल्पनेकडे निराळ्या नजरेने पाहिले. दिवसभर राबणाऱ्या त्या बाईला देवाकडे काय मागावेसे वाटले? धन नव्हे, राज्य नव्हे. तिला केर उचलावयास एक जोडीदार पाहिजे होता! पायरीवरची म्हातारी जे बोलली, तेच. आणि ज्या विठ्ठलाने हे काम पत्करल्याचे आपण सांगतो, त्याच्या रुक्मिणीचे माहेर तर हेच. येथून पंढरपूरला पालखी जाते. तिची परंपरा १५९४ सालापासूनची सांगतात. तेव्हा 'एकाने झाडावे व दुसऱ्याने उचलावे' ही मागणी युनियनने नव्याने काढलेली नाही, ती थेट सासर-माहेरच्या नात्यातली आहे, असे आम्ही पुढे एका अधिकाऱ्यास सांगितलेही. ते सद्गृहस्थ हसले. पण माणूस दिला नाही.

वऱ्हाडात खराट्याविषयी बोलावे आणि गाडगेबाबांचे नाव घेऊ नये, असे होणार नाही. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावी परिटाच्या घरी जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर, हा माणूस १९०५ साली घर सोडून निघाला, आणि पुढची पन्नास वर्षे एका हाती खराटा व एका हाती मडक्याचे खापर घेऊन महाराष्ट्रभर हिंडला. अक्षरशत्रू माणूस; पण त्याने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधविल्या, ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधविला, आणि स्वतः मात्र त्यांपैकी एकाही धर्मशाळेत आपले घर केले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी प्रवासातच त्यांचा अंत झाला. हे सारे येथल्या पोराबाळांना ठाऊक आहे. आम्हांला सांगावयाचे आहे ते त्यांच्या कामाच्या रीतीविषयी.

बाबा गावात आले की आधी झाडावयास लागत. कोणी ओळखले नाही, तर वेडा समजून बाजूला सारीत. मग हळूहळू एकदोन माणसे येऊन उभी राहत; त्यांना लाज वाटे; कोणी टोपले आणी, कोणी घमेले. संध्याकाळी कीर्तन, आणि त्यात उपदेशापेक्षा प्रश्नच अधिक. आता या रीतीतली खुबी पाहा. खराटा बाबांच्या हातात असे, पण एकट्याच्या खराट्याने गाव स्वच्छ होत नाही, हे त्यांच्याइतके कोणास माहीत असणार? झाडता झाडता ते उचलणारा माणूस तयार करीत होते. आणि तो माणूस एका ठराविक जातीचा नसे, हे विशेष. त्या दिवशी पाटलानेही टोपले उचललेले असे. आमच्या मते बाबांचे मोठे काम हे, धर्मशाळा त्यानंतर. (आमच्या या मताशी आमचेच काही मित्र सहमत नाहीत.) कौंडण्यपूर ज्या तिवसा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात मोझरीला तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज १९३५ साली उभे राहिले, आणि ग्रामसफाई हा तेथील शिकवणीचा भाग झाला. म्हणजे झाडण्याची दोन मोठी विद्यापीठे आपल्या एका जिल्ह्यात. इतके असून फाल्गुनात आपल्या रस्त्यांवर पाऊल बुडेल एवढा पाचोळा असतो, हीही वऱ्हाडचीच गोष्ट.

२००० साली राज्य शासनाने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यातून पुष्कळ गावे खरोखर पालटली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु बक्षीस म्हटले की तपासणी आली, आणि तपासणी म्हटली की तारीख आली. तपासणीच्या आदल्या रात्री गाव जागे राहून झाडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि पहाटे पानगळ झाली तर तपासणी समितीच्या गाडीपुढे पोरे धावत पाने वेचतात, हेही पाहिले आहे.

येथून आम्ही आमच्या धंद्यावर येतो, म्हणजे मजुरीवर.

झाडाचे पान दोन तऱ्हांनी माणसाच्या हाती येते: तोडून किंवा पडून. तेंदूचे पान तोडले जाते. मेळघाटापासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंत उन्हाळ्याच्या तोंडाशी हजारो कुटुंबे पहाटे रानात जातात, पाने तोडतात, आणि सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून फळीवर मांडतात. पुड्यात पान कमी भरले तर कंत्राटदाराचा माणूस पुडा बाजूला काढतो. म्हणजे तेथे एकेक पान मोजले जाते. त्याचा व्यापार नियंत्रित करण्यासाठी १९६९ साली महाराष्ट्रात कायदा झाला. त्याच पानात तंबाखू वळणाऱ्या विडी कामगारांसाठी १९६६ साली देशाचा कायदा झाला. दर ठरतो, बोनस मागता येतो, भांडण करता येते. कारण पान मोजलेले आहे. पडलेल्या पानाचे काय? ते कोणी मोजीत नाही. रस्ता झाडणाऱ्याला रस्त्याची लांबी ठरवून दिलेली असते. त्या रस्त्यावर निंब किती, पिंपळ किती, याची नोंद कोठल्याही हजेरीपटात आम्हांला आजवर आढळली नाही. आषाढात आणि फाल्गुनात रस्ता तेवढाच लांब, माणूस तेवढाच, पगार तेवढाच. काम मात्र चौपट!

हा अन्याय कोणाला दिसलाच नाही, असे नव्हे. मुंबईत १९३५ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला, तो हीच माणसे माणसांत गणली जावीत म्हणून. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ साली बर्वे समिती बसली, १९५७ साली केंद्राची मलकानी समिती बसली, १९६६ ते १९६९ या काळातील राष्ट्रीय श्रम आयोगाने सफाई कामगारांसाठी वेगळी समिती नेमली. त्यांचा भर साहजिकच मैला वाहण्याच्या अघोरी प्रथेवर होता. लांब दांड्याची अवजारे, हातगाड्या, हातमोजे यांचा आग्रह त्यांतून पुढे आला. पुढे १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात लाड आणि पागे यांच्या समित्यांच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी देण्याची तरतूद झाली. ही तरतूद टिकावी म्हणून आम्ही स्वतः मोर्चे काढले आहेत, आणि उद्याही काढू. पण मनातली गोष्ट लपवीत नाही: बापाचा खराटा पोराच्या हाती देण्यासाठी भांडताना आमच्या घशात दरवेळी काहीतरी अडकते. भाकरीचा प्रश्न आहे म्हणून भांडावे लागते. ज्या घरात हा खराटा कधी गेलाच नाही, त्या घरातल्यांनी आम्हांला त्यावरून तत्त्वज्ञान सांगू नये.

त्यानंतर कंत्राटाचा काळ आला. कायम माणसाची जागा रिकामी झाली की ती भरायची नाही, ठेकेदाराकडून माणूस घ्यायचा. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० साली झाला होता, पण तो कागदावरून रस्त्यावर उतरावयास वेळ लागे. मुंबईत सत्तावीसशे कंत्राटी सफाई कामगारांची लढाई औद्योगिक न्यायाधिकरणात २०१४ साली जिंकली गेली आणि सर्वोच्च न्यायालयात २०१७ साली कायम झाली. मधली वर्षे हीच माणसे रोज सकाळी रस्ता झाडीत होती. लहान गावांतून तेवढी ताकद कोठून आणावी?

अशाच एका लहान नगरपालिकेतली हकीकत सांगतो. गावाचे नाव घेत नाही. तेथील मंडळी आजही आम्हांला चहा पाजतात. तेथे एका कंत्राटी बाईकडे जो रस्ता होता, त्याच्या दोन्ही अंगांना जुने निंब. बाई पहाटे सहाला झाडावयास लागे, दहाला संपवी. साहेबांची फेरी अकराला. फाल्गुनात सहा ते दहा झाडलेल्या रस्त्यावर दहा ते अकरा या तासात जे काही पडे, ते पाहून साहेबांनी 'कामात कसूर' असा शेरा मारला, आणि ठेकेदाराने तीन दिवसांची मजुरी कापली. प्रकरण आमच्याकडे आले. आम्ही बाईंना घेऊन साहेबांपुढे गेलो. साहेब काही दुष्ट मनुष्य नव्हते. त्यांनाही वरून छायाचित्रे मागवीत, स्वच्छ रस्त्याची. ते म्हणाले, "तुम्ही झाडले असेल, पण पाने तर पडलेलीच होती."

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, म्या सकाई सा वाजता झाडलं. हे पानं त्याच्या मागून पडले. तुमाले नोटीस द्याचीच असन, तं झाडाले द्या."

कचेरीतले सगळे हसले, साहेबही हसले. आम्हीही हसलो, आणि नंतर त्याची लाज वाटली. कारण बाई हसल्या नव्हत्या. तीन दिवसांची मजुरी म्हणजे त्यांच्या घरचा आठवड्याचा किराणा होता.

आम्ही एक उपाय केला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्याबरोबर रस्त्यावर गेलो आणि नुसते बसून मोजले. सहा ते दहा या वेळात त्या बाईंनी एकोणीस टोपल्या पाचोळा भरला. पण चार तासांतला जवळजवळ अर्धा वेळ झाडण्यात गेलाच नाही; तो टोपली भरून कोपऱ्यापर्यंत नेण्यात आणि परत येण्यात गेला, आणि परत येईपर्यंत ढीग पांगलेला असे. तो पुन्हा लोटावयाचा! खराटाही आखूड, कमरेत वाकवणारा. हातभर दांडा जोडण्याची परवानगी मागितली, तर 'साहित्य ठेकेदाराचे' असे उत्तर आले. (बाईंनी मग घरच्या बांबूचा दांडा बांधला, त्याला कोणाची परवानगी लागली नाही.) तिसऱ्या दिवशी आम्ही स्वतः टोपले धरले. बाई झाडीत, आम्ही लगेच उचलीत. साडेआठला रस्ता संपला. वयामुळे आमची कंबर चार दिवस दुखली, तरी पुरावा हाती आला.

आता त्या टोपल्यांचे पुढे काय होते? बहुधा त्यांना कोपऱ्यावर काडी लावतात. गाडी वेळेवर येत नाही, ढीग उडतो, मग जाळल्यावाचून झाडणाऱ्यापुढे मार्ग नसतो. फाल्गुनात सकाळी गावावर जो निळसर धूर तरंगतो, त्याला काही लोक होळीचा वास समजतात. घनकचऱ्याच्या २००० सालच्या नियमांत 'सुकी पाने' असा स्पष्ट शब्द घालून जाळण्यास मनाई केली होती. २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये दंड सांगितला. दंड कोणाला होतो? ज्याच्या हातात काडी सापडते त्याला. ज्याची गाडी आली नाही, त्याच्या हातात काडी नसते.

आणि हा जो माल जळतो, तो काय आहे? इंदुरास होळकरांच्या राज्यात १९२४ साली कापसाच्या संशोधनासाठी एक संस्था निघाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज आणि यशवंत वाड हे आपले मराठी शास्त्रज्ञ यांनी पऱ्हाटी, काडीकचरा, पालापाचोळा व शेण यांचे थर रचून, ओल आणि हवा सांभाळून, ते ठराविक वेळी उलथवून काही महिन्यांत उत्तम खत बनविण्याची पद्धत बसवली, आणि १९३१ साली दोघांच्या नावाने त्यावर इंग्रजीत पुस्तक निघाले. जगाने हॉवर्डचे नाव लक्षात ठेवले, वाडांचे विसरले. तेही जगाच्या रीतीला धरूनच झाले. मग आपल्याच पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी विटांचा, भिंतीत भोके ठेवलेला, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असा हौद बसविला. तोच नाडेप हौद. त्याला शेण लागते ते नव्वद-शंभर किलो. बाकी सारा पाला, माती आणि पाणी. तीन-चार महिन्यांत खत तयार. निंबाच्या पानाला सडावयास वेळ लागतो, सागाच्या पानाला त्याहून अधिक. पण वावराला वाट पाहण्याची सवय असते. ज्या पानापासून झाडाने आपला नत्र काढून घेतला, त्यातही मातीला पुरे एवढे राहिलेले असते. आमच्या गावाकडचा शेतकरी खताच्या पोत्यासाठी रांगेत उभा असतो, आणि अर्ध्या कोसावर नगरपालिकेच्या कोपऱ्यात त्याचे खत धूर होऊन जात असते.

हे सारे आम्ही त्या नगरपालिकेस लेखी दिले: टोपल्यांचा हिशेब, दोन माणसांचा पुरावा, हौदाचा नकाशा, आणि मागणी एवढीच की माघ-फाल्गुन-चैत्र या पानगळीच्या काळात प्रत्येक झाडीच्या रस्त्यावर उचलणारा एक जादा माणूस द्यावा, व कापलेली मजुरी परत करावी. मजुरी परत मिळाली. ती साहेबांनी स्वतः लक्ष घालून मिळवून दिली, हे नमूद केले पाहिजे. मंदिरामागच्या मोकळ्या जागेत एक हौदही झाला. जादा माणसाविषयी मात्र दोन महिन्यांनी पत्र आले. त्यात विचारले होते, की पानगळ नेमक्या कोणत्या तारखेस सुरू होते व कोणत्या तारखेस संपते, हे युनियनने दाखल्यासह कळवावे. म्हणजे जादा नेमणुकीचा कालावधी निश्चित करता येईल.

आम्ही ते पत्र हसण्यावारी नेले नाही. त्या रस्त्यावरचे प्रत्येक झाड बाईंच्या सांगण्यावरून लिहून काढले. कोणता निंब आधी गळतो, कोणता मागून, कोपऱ्यावरचा पिंपळ पंधरा दिवस कसा छळतो, हे त्यांना पंचांगाहून पक्के ठाऊक होते. बेचाळीस झाडांचा तक्ता केला, खाली बाईंचा अंगठा घेतला, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला.

त्यावर उत्तर आले आहे. सदर पिंपळ नगरपालिकेच्या हद्दीत आहे की देवस्थानच्या, याचा खुलासा मागविला आहे.